नाही म्हणण्याआधी

फलटण तालुक्यातल्या एका गावात सकाळी सहाला दूध संकलन केंद्राचं शटर वर जातं. त्याआधीच बाहेर किटल्या आणि कॅन रांगेला लागलेले असतात. काट्यावर वजन, अ‍ॅनालायझरमध्ये फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), मग पावती. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे पावतीवरचा दशांशानंतरचा आकडा म्हणजे कुणाचा तरी घरखर्च असतो. हे सगळे आकडे एकत्र करून पावती छापणारं मशीन आमच्या कंपनीचं. लाईट गेली की ते बंद पडायचं आणि आल्यावर पुन्हा उभं राहायला ४७ सेकंद घ्यायचं. तेवढ्या वेळात हातात किटली धरून उभ्या असलेल्या बायका ती पायरीवर टेकवायच्या. एका सकाळी दोन-तीनदा लाईट गेली, तर दुधाचा टेम्पो निघायच्या वेळेपर्यंत रांग संपायची नाही.

हा वेळ दहा सेकंदांच्या आत आणायचं काम माझ्याकडे आणि एका सहकाऱ्याकडे आलं. त्यानं वरचे प्रोग्रॅम घेतले, मी कर्नल घेतला.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, कार्ड, पोर्ट यांच्याशी थेट बोलणारा तोच. बाकीच्यांना त्याच्यामार्फत जावं लागतं. तो बांधण्याआधी मेन्युकॉन्फिग नावाचा निळ्या पडद्याचा मेनू उघडतो आणि प्रश्न विचारतो. हा ड्रायव्हर हवा का? ही फाईल सिस्टिम हवी का? उत्तरं बहुतेक तीनच. ‘वाय’ म्हणजे थेट कर्नलच्या पोटात. ‘एम’ म्हणजे मॉड्यूल, वेगळ्या फाईलमध्ये, लागेल तेव्हा घ्यायचं. ‘एन’ म्हणजे नको. प्रश्न हजारो. बऱ्याच प्रश्नांच्या मदतीच्या मजकुरात शेवटी सल्ला असतो की खात्री नसेल तर ‘एन’ म्हणा. हा सल्ला मी मनापासून मानत होते.

आमच्या मशीनमध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स मालिकेतली चिप होती. आत एआरएमचा एकच कॉर्टेक्स-ए८ गाभा. आधीच्या टीमनं कर्नल बांधताना ‘मल्टी-व्ही७’ नावाचं तयार कॉन्फिगरेशन पायाला घेतलं होतं. त्यात आमच्या चिपबरोबर इतर कितीतरी कंपन्यांच्या चिप्सचं सामान भरलेलं होतं. यालाही इतिहास आहे. एआरएम आपला आराखडा परवान्यावर देते आणि चिप बनवणारी प्रत्येक कंपनी त्याभोवती आपापले टायमर, पोर्ट, कंट्रोलर बसवते. लिनक्समध्ये अशी चिप बसवलेल्या प्रत्येक बोर्डाचं वर्णन पूर्वी सी भाषेतल्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिलं जायचं. २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या जगानं डिव्हाइस ट्रीची वाट धरली. बोर्डावर कुठल्या पत्त्यावर काय बसवलंय, हे कर्नलबाहेरच्या एका फाईलमध्ये लिहायचं आणि सुरू होताना ती कर्नलच्या हातात द्यायची. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिप्सवर चालू लागला. ही मोठी सोय होती. पण आमच्या मशीनला दुसऱ्या कुणाच्या चिपवर कधीच चालायचं नव्हतं, म्हणून ते ओझं मी उतरवायला घेतलं.

सुरुवात छान झाली. एकच गाभा असल्यामुळे अनेक गाभ्यांचा आधार काढला. आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ गेले. प्रोसेसरच्या पानावर ‘इराटा’ची यादी होती. चिपच्या आराखड्यात राहून गेलेल्या चुका आणि त्यांना वळसा घालण्याचे उपाय, प्रत्येकाला एक क्रमांक. त्यातला ४३०९७३ क्रमांकाचा उपाय कॉर्टेक्स-ए८ च्या आर१पी मालिकेसाठी आहे. मी चालू मशीनला विचारून पाहिलं. आमचा गाभा आर३पी२ निघाला. तिथे मी ‘एन’ लिहिलं आणि मनात समाधान वाटलं. कागद वाचून, मशीनला विचारून दिलेलं ते उत्तर होतं.

मग कर्नल आणखी लहान करायच्या भरात मेमरी कार्डाचा ड्रायव्हर ‘वाय’वरून ‘एम’वर नेला. मशीन सुरू केलं आणि कर्नल पॅनिक होऊन थांबला. रूट फाईल सिस्टिम सापडत नाही म्हणाला. कारण कळायला वेळ लागला नाही. मॉड्यूलच्या फाईल्स कार्डावर होत्या आणि कार्ड वाचायला लागणारं मॉड्यूलही त्याच कार्डावर. कपाटाची किल्ली मी कपाटातच ठेवून कुलूप घातलं होतं. ‘वाय’ केलं, काम पुढे गेलं.

दुसरी अडचण मात्र जड गेली. बोर्डाची सिरियल वायर लॅपटॉपला जोडलेली असते; सुरू होताना कर्नल त्यावर आपला सगळा प्रवास ओळीओळीनं सांगतो. नवा कर्नल घातला. कर्नलला मेमरीत आणून सुरू करणाऱ्या बूटलोडरनं ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढं छापलं आणि पुढे काहीच नाही. मी मेमरीतला पत्ता तपासला, डिव्हाइस ट्रीची फाईल पुन्हा बांधली, बूटलोडर मेमरी किती मोजतो ते पाहिलं. दोन दिवस गेले. पडद्यावर तीच एक ओळ. मेलेल्या मशीनमध्ये कुठे हात घालायचा, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी बोर्डाकडे सहज नजर गेली. कडेचा एक छोटा एलईडी लुकलुकत होता. दोन जवळजवळचे ठोके, मग विसावा; पुन्हा दोन ठोके. तो दिवा आम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये ‘हार्टबीट’ला जोडला होता. ते ठोके देणारं काम कर्नलचंच. म्हणजे दोन दिवस मी ज्याला मेलेला समजत होते, तो पूर्ण वेळ जिवंत होता, आपलं काम करत होता. माझ्यापर्यंत फक्त त्याचा आवाज पोचत नव्हता.

मग शोध सरळ झाला. या चिपच्या सिरियल पोर्टला जुना ड्रायव्हर ‘टीटीवाय-ओ-शून्य’ म्हणतो, नवा ‘टीटीवाय-एस-शून्य’. मी नवा निवडला होता. बूटलोडर मात्र कर्नलला अजून जुन्याच नावाच्या पोर्टवर बोलायला सांगत होता. जुनं नाव आलं तर ते नव्यात बदलून घेणारा एक पर्याय त्या ड्रायव्हरखालीच होता. जुन्याशी आपल्याला काय करायचंय, असं समजून मी त्यालाही ‘एन’ म्हटलं होतं. बूटलोडरमध्ये एक अक्षर बदललं आणि पडदा भरभरून बोलू लागला.

तिथून पुढचं काम मोजमापाचं होतं. कर्नलच्या कुठल्या भागाला सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे तो विचारल्यास सांगतो. सिरियल वायरचा वेग होता ११५२०० बॉड. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. आमच्या कर्नलचा सुरुवातीचा मजकूर तीस हजार अक्षरांच्या आसपास होता. म्हणजे अडीच सेकंद नुसती बोलण्यात जात होती. गावात ते ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं. ‘क्वाएट’ हा एक शब्द दिला आणि ती वाचली. मोठ्या कर्नलला कार्डावरून मेमरीत यायला आणि तिथे उलगडायला लागणारा वेळही आकार घटल्यावर कमी झाला. कर्नलचा वाटा ११ सेकंदांवरून अडीचवर आला. सहकाऱ्याचं कामही संपलं. पॉवर दिल्यापासून पावतीचा पडदा येईपर्यंत ९ सेकंद.

नवं कार्ड घेऊन मी आदल्या रात्री फलटणला मुक्काम केला आणि सकाळी सहाला केंद्रावर पोचले. सचिव आप्पांनी मशीन सुरू केलं. “आलं की लगेच!” ते म्हणाले. पहिलं दूध काट्यावर आलं. पडद्यावर वजन उमटलं. अ‍ॅनालायझरनं आपल्या छोट्या पडद्यावर फॅट दाखवली. आमच्या पडद्यावरचा फॅटचा चौकोन मात्र रिकामाच राहिला. मी वायर हलवून पाहिली, मशीन बंद-चालू केलं. रांग वाढत होती, म्हणून आप्पा आकडे बघून हातानं टाईप करू लागले. सातव्या-आठव्या पावतीला एक मावशी थांबल्या.

“आप्पा, माझी फॅट चारच्या खाली कधी लागत नाही. आज तीन-चार कशी?”

अ‍ॅनालायझरवर ४.३ होते. घाईत ३.४ टाईप झाले होते. आप्पांनी माफी मागून पावती बदलून दिली. मावशी मला काहीच बोलल्या नाहीत. मी बॅगेतलं जुनं कार्ड काढून मशीनमध्ये घातलं. ४७ सेकंद सगळे थांबले आणि फॅटचे आकडे यायला लागले.

रांग संपल्यावर मी टेबलाखाली वाकले. आमच्या लॅबमध्ये अ‍ॅनालायझर मशीनच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडलेला होता. इथे त्याची वायर पेंडीच्या पोत्यामागून एका निळ्या, आरपार दिसणाऱ्या केबलमध्ये जात होती आणि ती केबल यूएसबीत.

“दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वीज पडली तेव्हा मागचा पोर्ट जळाला,” आप्पांनी सांगितलं. “दुकानातून ही वायर आणली. तेव्हापासून चालतंय की, ताई.”

केबलमध्ये सीएच३४० चिप होती. तिचा ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये होता. मी यूएसबी-सिरियलचं आख्खं पान काढून टाकलं होतं. आमच्या मशीनला स्वतःचे सिरियल पोर्ट असताना ते कशाला लागेल, असं धरून चालले होते.

परतीच्या एसटीत मी लॅपटॉपवर कॉन्फिगरेशनची फाईल उघडली. नाकारलेल्या पर्यायासमोर तिथे एकाच साच्यातली ओळ असते, अमुक पर्याय निवडलेला नाही. ४३०९७३ समोर तीच ओळ. यूएसबी-सिरियलसमोरही तीच. एक ‘नाही’ मी मशीनला विचारून दिलं होतं, दुसरं माहीत नसल्यामुळे. फाईलमध्ये दोन्हींत काही फरक नव्हता. पुढे ही फाईल हाती घेणाऱ्याला तो कधीच कळला नसता. मलाही तो एका मावशींनी पावती वाचली म्हणून कळला.

पुढच्या आठवड्यात मी आणखी सहा केंद्रांवर एकेक सकाळ-संध्याकाळ बसले. टेबलाखाली वाकून पाहिलं. तीन वेगवेगळ्या बनावटीच्या यूएसबी केबल सापडल्या. एका ठिकाणी काटाही यूएसबीवरच होता. प्रत्येक ठिकाणची गोष्ट थोड्याफार फरकानं तीच: पावसाळा, वीज, जळालेला पोर्ट आणि कुणीतरी चालतं करून दिलेलं काम. प्रोसेसरची कागदपत्रं मी ओळ न ओळ वाचली होती. या जोडण्या कुठल्याच कागदात नव्हत्या.

उपाय साधा निघाला. यूएसबी-सिरियलचे ते ड्रायव्हर मी ‘एम’ केले. ते कार्डावर पडून राहतात आणि केबल दिसली तरच कर्नलमध्ये घेतले जातात. सुरू होण्याच्या वेळात भर पडत नाही. ज्या ‘एम’नं कार्डाच्या बाबतीत मशीन अडवलं होतं, तेच इथे योग्य उत्तर होतं.

दुसरा बदल कामाच्या पद्धतीत झाला. नुसती फाईल ठेवणं मी बंद केलं. आमच्या बोर्डासाठी मूळ कॉन्फिगरेशनहून जे वेगळं निवडलं, तेवढ्याच ओळींची एक छोटी फाईल केली आणि प्रत्येक ओळीच्या वर कारण लिहिलं. कुठलं कागदपत्र वाचलं, कुठल्या मशीनला विचारलं, कुठल्या गावात पाहिलं. कारण लिहिता येत नसेल, तर ‘नाही’ म्हणायचं नाही. नव्यानं कामाला आलेल्या मुलामुलींना मी मेन्युकॉन्फिग शिकवण्याआधी ही फाईल वाचायला देते.

महिन्याभरानं नवं कार्ड घेऊन त्याच केंद्रावर गेले. साडेसहाच्या सुमारास लाईट गेली आणि थोड्या वेळानं आली. रांगेत पुढे त्याच मावशी होत्या. नऊ सेकंदांनी पडदा आला, आप्पांनी त्यांचं माप घेतलं, फॅट आपोआप उमटली. पावती घेऊन मावशींनी आकडा वाचला, घडी घातली आणि त्या निघाल्या.

त्या यूएसबी-सिरियल ड्रायव्हरच्या ओळीवर आता माझ्या फाईलमध्ये लिहिलेलं आहे: ‘एम. कारण: आप्पांच्या टेबलाखालची निळी वायर, पेंडीच्या पोत्यामागे.’