पालथी नाव
छपरांची कामं करणाऱ्याला वर बघायची खोडच लागते. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या पाड्यांवर अजून काही जुनी घरं आहेत, कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली. आत शिरलं की माझी नजर आधी आढ्याकडे जाते. मेढींनी तोललेलं आढं, त्यावरून दोन्ही अंगांना उतरलेले वासे, वर कौलं. हाच सांगाडा मनात पालथा घालायचा, की होडी तयार: आढ्याच्या जागी तळाचा कणा, वाशांच्या जागी फासळ्या, कौलांच्या जागी फळ्या.

आरेच्या दक्षिणेला, सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० च्या सुमारास साथ आली, मंडळी मरोळला गेली; पुढे छप्पर गेलं, भिंती राहिल्या. चर्चमध्ये भाविक बसतात त्या मधल्या लांबट दालनाला 'नेव्ह' म्हणतात. मूळ लॅटिन 'नाविस', म्हणजे जहाज. आपली 'नाव' त्याच भावकीतली. (बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यालाही इंग्रजीत नेव्हच म्हणतात, पण ते कूळ 'नाभी'चं.) दालनाला हे नाव आकारावरून पडलं असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं, ख्रिस्ती समाज म्हणजे तारू, या कल्पनेवरून. मी आकाराच्या बाजूचा. व्हेनिसच्या सांतो स्तेफानो चर्चचं लाकडी छत तर उघडउघड पालथ्या गलबताच्या घडणीचं आहे.

लाकूड निवडताना मात्र छप्पर करणारा आणि होडी बांधणारा, दोघांच्या वाटा फुटतात. वाशाला सरळसोट लाकूड हवं. होडी बांधणारा वाकडी बाभूळ शोधत हिंडतो. फांदी जिथे मुळातच वळलेली असते तिथली फासळी काढायची, म्हणजे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर अखंड जातात. सरळ ओंडक्यातून वळण कापलं तर रेषा मध्येच तुटतात आणि लाटेच्या माराने तिथूनच चीर जाते. आमच्या कामात जो तुकडा सरपणात जातो, तो तिथे भाव खातो.

पाण्याचंही तसंच. पावसाचं पाणी उतारावरून ओघळून जातं, म्हणून कौलावर कौल चढवलं की भागतं. समुद्राचं पाणी दाबाने आत शिरतं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरल्याशिवाय गत्यंतर नाही. होडी पालथी घातली तर तिच्याखाली पावसाळा काढता येईल. छप्पर उताणं करून पाण्यात लोटलं तर ते किनाऱ्यालाच बुडेल.

पाड्यांवर आता पत्रे चढताहेत. त्यांना ना आढं लागतं ना इतके वासे. चार लोखंडी नळ्यांवर काम उरकतं. आणि वैशाखात दुपारी आत बसवत नाही.