डावीकडच्या ज्वाळा

काही वर्षांपूर्वी आमची आई रुग्णालयात होती. परिचारिका इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा हे औषध आईला पूर्वी एकदा सोसले नव्हते, असे आम्हां भावंडांच्या मनात आले. पण ‘डॉक्टरांना ठाऊक असणारच’ अशी मनाची समजूत घालून आम्ही गप्प राहिलो. थोड्याच वेळात आईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. आई वाचली, परंतु आमचे ते मौन मनात सलत राहिले. पुढे एका विमान अपघाताचा चौकशी-अहवाल वाचनात आला आणि त्यात आम्हांला आमचाच चेहरा दिसला.

८ जानेवारी १९८९ रोजी संध्याकाळी लंडनहून बेलफास्टकडे निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, धुराचा वास पसरला. वैमानिकांनी गैरसमजाने धडधाकट असलेले उजवे इंजिन बंद केले. योगायोगाने त्याच सुमारास थरथर ओसरली आणि केले तेच योग्य, असे त्यांना वाटले. कंपनमापक डाव्या इंजिनाचाच दोष दाखवीत होता. पण त्या छोट्याशा तबकडीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

बिघडलेले उजवे इंजिन बंद केले आहे, असे कॅप्टनने प्रवाशांना सांगितले. मागील भागातील अनेकांनी ज्वाळा पाहिल्या होत्या त्या डावीकडे! काही प्रवासी बुचकळ्यात पडले. पण ही गोष्ट वैमानिकांच्या कानी कोणीच घातली नाही. धावपट्टी चारेक किलोमीटरवर आली असताना डाव्या इंजिनाने दम सोडला. आगीचा इशारा देणारी घंटा वाजली ती त्यानंतर. केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर विमान आदळले. १२६ जणांपैकी ४७ जण प्राणांस मुकले.

वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांच्यात संकटसमयी समन्वय राहावा म्हणून त्यांना सराव द्यावा, अशी शिफारस १९९० च्या अहवालात आहे. त्या प्रवाशांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. जाणत्यांपुढे आपण काय बोलावे, हा त्यांचा संकोच आमच्याही ओळखीचा आहे. परंतु जाणत्याला पाठीमागचे दिसत नसते. ते आपल्यालाच सांगावे लागते.

आता आईचे औषध आले की आम्ही नाव विचारतो. कोणी कधी वैतागतेही. आम्ही पुन्हा विचारतो.