मावशीच्या हाताला चटका कळला नाही

मागच्या आठवड्यात ऑफिसात जुन्या फायलींचा गठ्ठा उचलताना आमचे कोपर लोखंडी कपाटाच्या कडेवर आदळले. करंट लागावा तशी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत गेली. शेजारचे सहकारी हसले, आम्हीही हसलो. पण घरी येताना पोखर्णीची मावशी आठवली. तिचा हात गेला तो याच नसेपायी.

परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे, नृसिंहाच्या देवस्थानामुळे सगळ्यांना माहीत असलेले पोखर्णी हे आमच्या मावशीचे गाव. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे राहायचो. मावशी दिवसा कापूस वेचायची, संध्याकाळी चुलीवर भाकरी करायची. तव्यावरची भाकरी उघड्या बोटांनी उलटायची. "बाईचा हात कसा खंबीर, चटका ठाऊक नाही," असे आम्ही सगळे कौतुक करायचो. एके दिवशी करंगळीवर टपोरा फोड दिसला. तो कधी आला हे तिला सांगता येईना. हातावर एक फिकट चट्टाही होता. "उष्णतेचा असेल," म्हणून त्यावर खोबरेल तेल लावले, एवढाच इलाज. पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळले. आधी बोंडातला कापूस निघेना, मग भाकरी थापता येईना.

वाचकहो, आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. पण मावशीच्या दुखण्याने आम्हाला नसांची माहिती करून घ्यायला लावली. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हे शरीराचे हेड ऑफिस समजा. मेंदूतून 12 आणि मज्जारज्जूतून 31 जोड्या मज्जातंतू निघतात. त्यांचे फाटे अंगभर पसरतात. त्यातले काही तंतू गरम, थंड, टोचल्याची खबर वर पोचवतात. काही स्नायूंना हुकूम देतात. काही घाम सोडायचे काम करतात. म्हणून नस बिघडली की जागा बधिर होते, स्नायू दुबळे पडतात आणि कातडी कोरडी पडून भेगाळते.

कोपरामागे हाडाच्या खाचेतून जाणारी नस करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाची जाण सांभाळते. पंजातल्या बहुतेक बारीक स्नायूंनाही तीच चालवते. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली शोधला. हा जंतू शरीराच्या थंड भागात वाढतो, म्हणून कातडीजवळच्या नसा त्याच्या तावडीत सापडतात. कोपराची नस गेली तर बोटे वळतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची गेली तर पाऊल लुळे पडते. चेहऱ्याची गेली तर पापणी मिटत नाही. आणि हा जंतू बोटे खात नाही! चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखम तशीच चिघळते, त्यातून हाड झिजते. दुखणे हा शरीराचा राखणदार आहे, हे आम्हाला तेव्हा समजले.

आता लाजेची गोष्ट सांगतो. रोगाचे नाव कळताच आम्ही मावशीचे ताट-तांब्या वेगळा काढला. आमच्या आज्याला गावाने वरून पाणी वाढले होते, आणि आम्ही मावशीला तसेच वाढले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातला कुष्ठरोगी सुप्रबुद्ध, ज्याला भगवंतांनी धम्म दिला, तो आम्ही विहारात ऐकला होता. घरात मात्र विसरलो. त्या भीतीने मावशी दवाखान्यात जायलाही लाजली, आणि दिवस वाया गेले.

अखेर सरकारी दवाखान्यात गोळ्यांचा कोर्स तिने पूर्ण केला. रोग बरा झाला, बोटे मात्र वाकडीच राहिली. "नस दुखायला लागली तेव्हाच आला असता, तर बोटे वाचण्याची आशा होती," असे डॉक्टर म्हणाले. आजही हे खरे आहे. नवे दुखणे पहिल्या सहा महिन्यांत हाती लागले तर योग्य औषधाने नस पुष्कळदा सावरते. रोगावरचा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. तो सुरू झाला की लागण पसरणे लवकरच थांबते. बऱ्या झालेल्या माणसाच्या वाकड्या बोटांपासून कुणालाही काही होत नाही. 2005 साली देशाने हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही असे जाहीर केले, तरी नवे रोगी सापडतातच. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद 2019 च्या कायद्याने काढून टाकली. कायदा बदलला, घरेही बदलली पाहिजेत.

माता-भगिनींनो, रविवारी अंघोळीच्या वेळी घरातल्या सगळ्यांचे अंग उजेडात बघा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने हळूच स्पर्श करा. कळले नाही तर आशाताईला सांगा, दवाखाना गाठा. हातापायाला मुंग्या, बधिरपणा असेल, चप्पल नकळत निसटत असेल, तरीही जा. मधुमेहातही नसा अशाच बधिर होतात, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांचे तळपाय रोज बघा.

मावशी आता आमच्याकडेच असते. फडक्याने तवा धरते आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही हात उलटेपालटे करून बघते. चटका तिला आजही कळत नाही, म्हणून ती डोळ्यांनी शोधते. जेवायला मात्र ती आमच्या पंगतीतच बसते. ते वेगळे ताट आम्ही केव्हाच मोडीत दिले.