परतीची वायर

आषाढात महाडकडे सगळंच हिरवं होतं. भिंतींना शेवाळ चढतं, कौलांवर बोटभर गवत उगवतं, आणि गाडीच्या वायरीत, वरचं प्लॅस्टिक अगदी धड असताना, आतलं तांबं हिरवं पडतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात आमटी राहिली की कळकते, तशी ही वायर कळकते. हातात घेतली तर काही कळत नाही. टोकाशी जरा सोलून पाहावं, तर चकाकत्या तारांच्या जागी काळपट हिरवी भुकटी बोटांना लागते.

माझ्याकडे वडिलांची जुनी डिझेल जीप आहे, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. बिरवाडी, वरंध, तळीये हा तिचा रस्ता. वरंधा घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमधली किती माणसं, तांदळाची किती पोती आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या किती पिशव्या तिने वाहिल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. नवी गाडी घे, असं सगळे सांगतात. मला ही सोडवत नाही, आणि त्याचं कारण फक्त माया हे नाही. या गाडीचं दुखणं माणसाला हाताने शोधता येतं.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला चाचणीत उतरलं. त्याला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, मग तीत तेल फवारायचं. म्हणून जुनं, यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालू राहतं. आमच्या जीपला तर बंद करतानाही वीज लागत नाही, डॅशबोर्डखालची दोरी ओढायची. वीज हवी ती हीटर प्लग तापवायला, सेल्फ फिरवायला, आणि पुढे दिवे नि वायपरला. सपाटीवरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. जुलैत संध्याकाळी घाटाखाली ढग उतरलेले असताना वायपर मध्येच थांबला, की त्याचं मोल कळतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात ही जीप बुडाली. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ते पाणी सावित्रीने पोलादपूरवरून खाली आणलं. महाड पाण्यात गेलं. त्याच दिवशी तळीयेत डोंगर खाली आला, आणि एक अख्खी वाडी मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळ्यातही दरड कोसळली. आमच्या तालुक्याला हे नवीन नव्हतं. २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुई यांनी हेच सोसलं होतं. पण तळीयेची बातमी जगाला कळायला नि मदत पोचायला जो वेळ गेला, तो आठवला की आजही पोटात खड्डा पडतो. वीज गेलेली, फोन मुके, रस्ते पाण्याखाली किंवा दरडीखाली. इकडे आम्ही माळ्यावर, तिकडे ती माणसं.

बुडालेल्या डिझेल गाडीला किल्ली लावायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी बॅटरीची वायर सोडवायची. मग हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. ऑइल बदलायचं, टाकी धुवायची, सेल्फ आणि अल्टरनेटर उतरवून, उघडून वाळवायचे. वायरिंगचे जोड गोड्या पाण्याने धुवायचे, कारण पुराचं पाणी वाळलं तरी त्यातली माती मागे राहते. हे सगळं आमच्या वायरमन काकांनी केलं, स्वतःचं दुकान पुरात गेलेलं असताना. जीप सुरू झाली. त्या वर्षी शहरातल्या कितीतरी नव्या गाड्या कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं म्हणून भंगारात निघाल्या.

पण पूर गाडीतून एकदम जात नाही. पुढे कुठल्याशा पावसाळ्यात तो पुन्हा वर आला. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक्. कधी सेल्फ अर्धवट घुमायचा आणि दिवे मान टाकायचे. डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर उघडमीट करायचा. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, दोनचारदा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका देईल इतकी तापायची.

मीटर लावला तर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. काकांनी केबलला हात लावला आणि म्हणाले, "बॅटरीवर राग काढू नको, बाबा. करंट गेला कसा ते सगळे बघतात. परत कुठून आला ते बघ."

विजेला जायला वाट लागते तशी यायलाही लागते. गाडीत जाणारी वाट लाल वायरीची, आणि येणारी म्हणजे गाडीचं अंगच: पत्रा, चासी, इंजिन. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, आणि रबर वीज वाहत नाही. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी टाकलेली असते. ती कळकली, की सेल्फला लागणारा दीडदोनशे अँपिअरचा लोंढा घरी परतायला दुसरी वाट शोधतो, आणि बिचारी बारीक पोलादी केबल सापडते. मागच्या दिव्याचंही तेच. त्याची अर्थिंग तुटलेली, म्हणून इंडिकेटरचा प्रवाह शेजारच्या दिव्यातून हिंडून जात होता.

ही गोष्ट नुसत्या मीटरने उघडी पडत नाही. वीस तारांतली एक शाबूत असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला जवळजवळ काही लागतच नाही. त्याच जागी २१ वॅटचा बल्ब लावा, तो मरगळतो. सेल्फ लावा, तर काहीच उरत नाही. ओहमचा नियम इथे निष्ठुर आहे: एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा असला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच गळतात. म्हणून मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवायची, दुसरी इंजिनावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला, तर परतीची वाट खराब. आमचा काटा तीनच्या पुढे गेला.

तेव्हापासून मला तालुक्यातल्या तपासण्यांचा राग येतो. रस्ता, टॉवर, नाले, धोक्याच्या वाड्यांची यादी, सगळं मे महिन्याच्या लख्ख उन्हात बघितलं जातं. तेव्हा सगळं बारा व्होल्ट असतं. तळीयेचा रस्ताही त्या वर्षी मे महिन्यात चालूच होता, फोनही लागत होते. वाचलेल्या माणसांनी कंटेनरच्या घरांत उन्हाळे काढले, मग म्हाडाच्या घरांची वाट पाहिली. त्यांच्या गावची हाक पावसातून बाहेर पोचते का, हे पावसातच उभं राहून कुणीतरी पाहायला हवं.

पट्टी बदलली. चासीवरचा रंग कानशीने घासून पांढरा पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. सेल्फ एका दमात फिरला, केबल थंड.

जीपची तपासणी मी आता जूनचा पहिला खरा पाऊस लागला की करतो. दिवे, वायपर, हॉर्न सगळं चालू ठेवून वरंधपर्यंत, तिथून तळीयेच्या फाट्याला. ओळखीच्या घरी चहा होईपर्यंत बॉनेट उघडून मीटर लावतो आणि घरच्या पोराला सेल्फ मारायला सांगतो. यंदा इंजिनाकडचा आकडा पाव व्होल्टच्या खाली होता. मागच्या डाव्या दिव्याचा जोड मात्र पुन्हा हिरवा पडायला लागलाय, तो येत्या रविवारी सोडवायचा आहे.