दारफाळणी

‘योम किप्पूर’ हा शब्द आमच्या आईच्या तोंडी कधी बसलाच नाही. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल मंडळींप्रमाणे ती ‘दारफाळणीचा सण’च म्हणते. तिश्री महिन्याचा दहावा दिवस. आदल्या सूर्यास्तापासून सुमारे पंचवीस तास पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. गावोगावी तेलाचे घाणे चालविणारे आमचे वाडवडील त्या दिवशी पांढरी वस्त्रे लेवून, दारे लावून बसत आणि परक्याचा स्पर्शही टाळीत.

उपास मला जमतो. अवघड आहे ते निराळेच. देवाचा केलेला अपराध या दिवशी फिटतो. माणसाचा मात्र त्या माणसाची समजूत घातल्यावाचून फिटत नाही, असे आमचे धर्मशास्त्र सांगते.

पंधरा वर्षांपूर्वी सहलीच्या पैशांतली पन्नासाची नोट हरवली, तेव्हा मी एका मुलाला वर्गापुढे चोर ठरविले. आठवड्याने ती माझ्याच हजेरीपटात सापडली. मी ती मुकाट्याने जमेस धरली; वर्गाला काही बोललो नाही. (मास्तरची अब्रू ना ती!) तो मुलगा हल्ली बुवापाड्याहून अंबरनाथ स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा चालवितो. त्याची रिक्षा पुढे असली की मी पायी निघत असे.

यंदा बसलो. स्टेशनपाशी बाकीचे उतरल्यावर सारे सांगून टाकले.

“ठाऊक होतं, सर,” तो म्हणाला. “हजेरीपट ऑफिसात मीच नेऊन ठेवायचो. नोट तेव्हाच दिसली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.”

त्याने भाडे घेतले, सुटे परत दिले आणि रिक्षा वळविली. क्षमेचा शब्द त्याने काढला नाही, मलाही मागवेना.

ठाण्याला आमचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे, ‘शाअर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. दुसऱ्या दिवशी तिथे अखेरची ‘नेईला’ची प्रार्थना सुरू झाली. नेईला म्हणजे दारे मिटणे; आईचा शब्द अगदी नेमका! शोफार वाजला, लोक घोटभर पाण्यासाठी बाहेर पडले. मी बराच वेळ बाकावर बसून होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. दानधर्म करायचा, शेजारीपाजारी भेटायचे. आईने दिलेला गोडाचा डबा घेऊन मी रिक्षांच्या रांगेत उभा राहिलो. त्याची रिक्षा चौथी होती. पहिल्या तिन्ही मी भरून जाऊ दिल्या. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.