दमट हवेचं देणं

श्रावणात पानशेतला ओल सगळीकडे शिरते. आंबीवरचं धरण तुडुंब, तोरण्याचा माथा ढगात, खाचरांत भात डोलतोय आणि दोरीवरचा पंचा चार-चार दिवस वाळत नाही. अशा संध्याकाळी जुनी, मुरलेली ब्रँडी घोटभर हाती घ्यावी. बर्फ नको, सोडा नको. पेल्याला तळहाताची ऊब पुरे.

पेला लगेच ओठांना लावू नये. नाक थोडं लांब ठेवून वास घ्यावा. खोल खुपसलं तर नुसता झणका बसतो. आधी मनुका, जर्दाळू, संत्र्याची वाळकी साल. मागोमाग व्हॅनिला, दालचिनी, लवंग. ब्रँडी खरोखर वयाची असेल तर सगळ्यांत शेवटी अक्रोड, जुनं लाकूड, भिजलेला पाचोळा. फ्रान्समधल्या कोन्याकचे जाणकार या शेवटच्या गंधाला ‘रान्सियो’ म्हणतात. तो वरून घालता येत नाही. वर्षं सरावी लागतात.

भट्टीतून उतरलेला अर्क रंगहीन असतो. कोन्याकमध्ये उनी ब्लां द्राक्षांची आंबटसर, हलकी वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा चढते आणि सत्तर टक्क्यांच्या आसपासचा जहाल अर्क हाती येतो. पुढचं काम ओकच्या पिंपाचं. आतून भाजलेलं लाकूड त्याला सोनेरी रंग, तुरटपणा आणि व्हॅनिलाचा वास देतं. लोणचं झाकलेल्या बरणीत मुरतं. ब्रँडी लाकडाच्या छिद्रांतून श्वास घेत मुरते. हवा आत येते, अर्क थोडा थोडा उडून जातो. कोन्याकमध्ये दरसाल सुमारे दोन टक्के असे जातात. तो देवदूतांचा वाटा, असं तिथले लोक मानतात. कोठार कोरडं असेल तर पाणी जास्त उडतं आणि ब्रँडी करकरीत राहते. दमट असेल तर अल्कोहोल जास्त उडतं आणि ती मवाळ होत जाते. ज्या ओलीला आपण इथे कंटाळतो, तीच कोन्याकमधल्या शारांत नदीकाठच्या कोठारांत धारदार अर्काचा स्वभाव बदलते. म्हणून मला या हवेविषयी आदर वाटतो.

आपल्या घरांत ब्रँडी आली ती औषध म्हणून. हुडहुडी भरली की चमचाभर पोटात, सर्दी झाली की छातीला. तिची चव कुणी विचारली नाही. बाजारातल्या बऱ्याचशा देशी ब्रँडीचा पाया अजूनही उसाच्या मळीचा अर्कच आहे. द्राक्ष त्यात नावापुरतं. नाशिकच्या सुलाने निव्वळ द्राक्षांची, ओकमध्ये मुरवलेली ‘जेनस’ काढली, तेव्हा म्हणूनच मनापासून आनंद झाला.

देशात सर्वाधिक द्राक्षं महाराष्ट्रातच पिकतात. नाशिक, सांगली, नारायणगावच्या मळ्यांना गोडी आहे, कष्ट आहेत. हवी आहे फक्त सबुरी. कोन्याकमध्ये ‘एक्सओ’ म्हणवून घ्यायला 2018 पासून किमान दहा वर्षं पिंपात काढावी लागतात. आपल्या उन्हात अर्क अधिक उडणार, पैसा अडकून पडणार, हे खरं. पण बाटलीत भरल्यावर ब्रँडीचं वय वाढत नाही. घाईत भरलेली कायम कोवळीच राहते. तेव्हा आपल्या वाइनवाल्यांना एवढीच विनंती: चार पिंपं बाजूला ठेवा आणि दहा वर्षं त्यांना हात लावू नका.