झोपलेलं मांजर
सहा वर्षांची मुलगी बाकावर बसली आहे, पण पियानोचं झाकण बंद आहे. बाईंनी तिचं मनगट खालून आपल्या तळव्यावर तोलून धरलंय. खेळ असा, की हात म्हणजे गाढ झोपलेलं मांजर. बाई मध्येच, न सांगता, आपला तळवा काढून घेणार. मांजर खरंच झोपलं असेल तर धपकन मांडीवर पडेल. मुलीचा हात हवेत तसाच राहतो. ‘टीचर, ते जागंच होतं!’ ती स्वतःच कबूल करते. चौथ्या-पाचव्या खेपेला हात पडतो, आणि खांद्यापासूनचं सगळं वजन घेऊन पडतो. मग झाकण उघडतं. तेच मांजर आता पट्ट्यांवर पडतं आणि एवढ्याशा हातातून चांगला भरदार आवाज निघतो.

पुण्यातल्या या बाईंकडे शिकणाऱ्या मुलांच्या घरी बहुधा पियानो नसतो. कीबोर्ड असतो, नाहीतर आजोबांची पेटी. पेटीवर हात फिरलेलं मूल सूर पटकन ओळखतं, पण एक सवयही सोबत घेऊन येतं. पेटीत जोर भात्याचा. पट्टी हलकेच दाबा की दणकून, आवाज तेवढाच. पियानोत मात्र पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आतला हातोडा तारेवर केवढ्याने आपटणार ते ठरतं. पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटीमीटर, आणि सगळी करामत तेवढ्याच अंतरात करायची असते. हे पहिलीतल्या पोराला समजावायला घेतलं की ते खिडकीबाहेर बघू लागतं.

म्हणून बाई ‘चोरपावलं’ खेळतात. पट्टी इतकी सावकाश दाबायची की हातोडा तारेपर्यंत पोचूच नये. आवाज आला की चोर सापडला. वर्गातलं सर्वांत दंगेखोर पोर या खेळात श्वास रोखून बसतं. चोर बिनबोभाट तळाशी पोचला की पट्टी तशीच दाबून ठेवायची. मग बाई खालच्या सप्तकातला तोच सूर खाडकन वाजवून लगेच सोडतात, आणि कुणी हात न लावलेली वरची तार आपोआप गुणगुणू लागते. पट्टी दाबलेली असल्याने त्या तारेवरची फेल्टची गादी उचललेली असते, एवढंच. सतारीच्या तरफा ऐकलेल्या घरात याचं फार नवल नाही, पण पोरं पियानोच्या आत डोकं घालून बघतात. बेला बार्टोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’मधल्या १५३ रचनांपैकी १०२वी याच न वाजवता दाबलेल्या सुरांवर उभी आहे.

बार्टोकच्याच हंगेरीतल्या ग्यॉर्ग कुर्तागने १९७३मध्ये ‘यातेकोक’ लिहायला घेतलं. नावाचा अर्थच ‘खेळ’. त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते पियानोला अजून खेळणं समजणारं, आपल्याच नादात तो बडवणारं मूल. १९७९मध्ये आलेल्या पहिल्या खंडांत तळहाताने, कोपरापर्यंतच्या सबंध हाताने वाजवायच्या जागा आहेत, पट्ट्यांवरून घसरगुंडी आहे. नेहमीच्या पुस्तकांत पाच बोटं पाच पट्ट्यांवर गप्प बसवून सुरुवात होते. इथे आधी सबंध हात मोकळा सुटतो आणि बोटांची पाळी मागाहून येते. बाईंना हा क्रम पटला, तो मात्र ठेच लागल्यावर.

सुरुवातीला त्यांच्याकडेही एक खेळ होता. जुनी युक्ती: हाताच्या पाठीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, पाच सूर वाजवायचे, नाणं पडलं नाही तर ते तुझं. मुलं खूश, पालक त्याहून खूश. एका मुलाने तर महिन्याभरात खिसा भरला. मग लांब उड्यांची रचना आली, आणि मनगट लाकडासारखं ताठ. नाणं सांभाळायचं तर दुसरं काय होणार? १८१४मध्ये योहान बर्नहार्ड लोगियरने मुलांचे हात एका साच्यात अडकवणाऱ्या ‘कायरोप्लास्ट’चं पेटंट घेतलं होतं, रुपया हा त्याचाच धाकटा भाऊ. त्या मुलाचं मनगट सैल करायला पुढे वर्ष गेलं. खेळ होता, मजाही होती, पण हात नको ते शिकला.

तेव्हापासून नवा खेळ सुचला की बाई तो आधी स्वतः दहा मिनिटं खेळतात आणि दुखतंय कुठे ते बघतात. स्टिकर आणि चॉकलेटं त्यांनी बंद केली, कारण त्यात मजा वाजवण्याच्या बाहेरच राहते. सागरगोटे मात्र पियानोशेजारीच ठेवलेत. झेलताना मनगट जसं आपसूक वळतं, तसं ते सांगून वळत नाही. ग्रेडची परीक्षा जवळ आली की एखादे बाबा दारातून विचारतात, ‘टीचर, हे किती दिवस चालणार?’

त्या बाबांनी एकदा घरी करून बघावं. पोराचं मनगट तळव्यावर घ्यावं, गप्पा मारत राहावं आणि न सांगता तळवा काढून घ्यावा. मग आपलं मनगट पोराच्या हाती द्यावं. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांचं मांजर सहसा जागंच निघतं.